तिसऱ्या एफची बाजू

नदीत चालणाऱ्या जहाजाला जर्मन लोक फ्लुसशिफ म्हणतात आणि अशा जहाजांच्या वाहतुकीला फ्लुसशिफफार्ट. देवनागरीत हा शब्द निमूट बसतो. रोमन लिपीत मात्र तो आजच्या नियमाने लिहिला की आधी तीन एस सलग येतात आणि पुढे तीन अक्षरे सोडून तीन एफ सलग येतात. एकूण 16 अक्षरे, त्यांतली 7 नुसती एस आणि एफ. 1996 च्या लेखनसुधारणेपूर्वी हाच शब्द 14 अक्षरांत आटपत असे. फ्लुसच्या शेवटच्या दोन एसच्या जागी एसत्सेट हे जर्मनचे खास अक्षर होते आणि तीन एफपैकी एक गाळलेला असे. तीन-तीन सारखी अक्षरे ओळीने उभी असलेले हे शब्द सुधारणेच्या विरोधकांना आयते सापडले. हसायला सोपे आणि मथळ्यात घालायला त्याहून सोपे.

त्या सुधारणेत चुका होत्या आणि काही तर हास्यास्पद होत्या. पण तिसरा एफ ही चूक नव्हती. जोडशब्दाचा प्रत्येक घटक पूर्ण दिसावा आणि तरी शब्द अखंड राहावा, ही कसोटी लावली तर तिसरा एफ पास होतो; सुधारणेतल्या ज्या गोष्टी नापास झाल्या त्याही याच कसोटीवर. मराठीचे लेखननियम या कसोटीवर कुठे उभे राहतात, हे पाहणेही आपल्या सोयीचे आहे.

आधी शब्द उकलू. फ्लुस म्हणजे नदी. त्याचे क्रियापद फ्लीसन, म्हणजे वाहणे. त्याचे मूळ आणि संस्कृतातला प्लु धातू एकाच घराण्यातले. त्याच धातूपासून आपल्याकडे प्लव हा शब्द आला आणि त्याचा एक अर्थ तराफा किंवा होडी असाच आहे. फार्ट म्हणजे प्रवास. तो फारन या क्रियापदापासून आला. त्याच्या मुळाशी पलीकडे नेण्याचा अर्थ आहे आणि संस्कृतातले पिपर्ति, पारयति ही रूपे त्याच कुळातली. आपण नदी पार करतो त्यातला पार आणि फार्ट हे दूरचे भाऊ. शिफ म्हणजे जहाज. इंग्रजी शिप त्याचे सख्खे भावंड. शिफचे याहून जुने मूळ मात्र वादात आहे.

आता एफकडे पाहू. फ्लुस आणि फार्ट यांच्या सुरुवातीचा एफ मूळच्या प पासून आला. जर्मॅनिक भाषा बाकीच्या इंडो-युरोपीय कुटुंबापासून वेगळ्या झाल्या तेव्हा, इसवी सनाच्या काही शतके आधी, शब्दारंभीच्या प चा त्यांच्यात फ झाला. संस्कृत पितृ आणि जर्मन फाटर, संस्कृत पाद आणि जर्मन फूस या जोड्या त्याच बदलाच्या. शिफमधले दोन एफही प पासूनच आले, पण त्यानंतर हजारएक वर्षांनी. साधारण सहाव्या ते आठव्या शतकात दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या जर्मन बोलींत व्यंजनांचा दुसरा फेरबदल झाला आणि स्वरानंतरच्या प चे जोड-एफ झाले. इंग्रजी आणि डच या फेरबदलाबाहेर राहिल्या. म्हणून इंग्रजीत शिप, ओपन, स्लीप आणि जर्मनमध्ये शिफ, ओफन, श्लाफन. या फेरबदलाचा सर्वांत देखणा पुरावा स्वयंपाकघरातला आहे. मिरीला जर्मनमध्ये फेफर म्हणतात. आपली पिप्पली ग्रीक-लॅटिनमार्गे तिकडे पोचली ती या बदलाच्या आधी, त्यामुळे तिच्या पहिल्या प चे शब्दारंभी पीएफ झाले आणि मधल्याचे जोड-एफ.

म्हणजे शिफफार्टमध्ये सलग दिसणारे तीन एफ एका पिढीचे नाहीत. पहिले दोन एका काळाचे आणि एका शब्दाचे, तिसरा दुसऱ्या काळाचा आणि दुसऱ्या शब्दाचा. जुन्या नियमाने जो एफ गाळला तो कुणाचा होता, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. शिफचा म्हणावा तर शिफ अपुरा राहतो, फार्टचा म्हणावा तर उरतो नुसता आर्ट, आणि आर्ट हा जर्मनमध्ये 'प्रकार' या अर्थाच्या शब्दासारखा ऐकू येतो.

वाफेच्या जहाजाचा शब्दही असाच बांधलेला आहे. डाम्फ म्हणजे वाफ, डाम्फशिफ म्हणजे आगबोट. इथे म आणि प एकत्र आल्यामुळे प चे जोड-एफ न होता पीएफ झाले; इंग्रजी डॅम्प आणि डच डाम्प तसेच राहिले. आपल्या लोकांनी वाफेऐवजी आग निवडली आणि पुढे इंग्रजीतून आलेला बोट लावला. जर्मनमध्येही बोट या शब्दाचा उच्चार जवळपास असाच आहे आणि तोही बाहेरून, उत्तर किनाऱ्यावरच्या बोलींतून आलेला. त्याचा शेवटचा ट तसाच राहिला हीच त्याची खूण, कारण दक्षिणेकडच्या बोलीत त्या ट चा स झाला असता. समुद्रावरच्या लोकांचे शब्द शेजाऱ्यांकडे असेच बिनपासपोर्टचे जातात.

डाम्फशिफवरून जगभर गाजलेला एक शब्द तयार झाला: डोनाऊडाम्फशिफफार्ट्सगेझेलशाफ्ट. 1829 मध्ये व्हिएन्नात डॅन्यूब नदीवर वाफेची जहाजे चालवण्यासाठी कंपनी निघाली आणि 1830 मध्ये तिचे फ्रान्झ पहिला हे जहाज व्हिएन्नाहून बुडापेस्टच्या दिशेने गेले. एकोणिसाव्या शतकात ती जगातल्या सर्वांत मोठ्या नदीवाहतूक कंपन्यांपैकी एक होती. तिच्या नावात आजच्या लेखनाने 34 अक्षरे आहेत, पुढे कप्तान जोडला की 42. गंमत अशी की कंपनी स्वतः आपले नाव इतके लांब ओढत नसे. तिच्या समभागपत्रांवर डोनाऊ, मग संयोगचिन्ह, मग डाम्फशिफफार्ट्स, पुन्हा संयोगचिन्ह आणि शेवटी गेझेलशाफ्ट असे छापलेले असे. अखंड आगगाडी ही शाळकरी पोरांची आणि कोड्यांच्या पुस्तकांची करामत.

या लांब शब्दात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. शिफफार्ट आणि गेझेलशाफ्ट यांच्यामध्ये एक एस आहे. तो षष्ठीचा प्रत्यय नव्हे, कारण फार्ट हा स्त्रीलिंगी शब्द आणि जर्मनमध्ये स्त्रीलिंगी नामाला षष्ठीत एस लागत नाही. तो नुसता सांध्याचा एस आहे. नुसत्या फार्टला पुढे खर्च या अर्थाचा कोस्टन हा शब्द जोडला तर हा एस येत नाही, फार्टकोस्टन होते. पण शिफफार्ट हा स्वतःच जोडशब्द असल्यामुळे त्याच्या पुढे काही जोडले की एस येतो. अंगणाचे दार होफटोर, स्मशानाचे दार मात्र फ्रीडहोफस्टोर. इथल्या एसचे काम एवढेच: मोठा सांधा इथे आहे, आधीचा भाग एक गठ्ठा समजा. नियम शंभर टक्के पाळला जातो असे नाही, पण कल स्पष्ट आहे. जर्मन बोलणाऱ्याला सांधे ऐकू येतात. बोलताना तो आघातही पहिल्या घटकावर देतो आणि लिंग शेवटच्या घटकाकडून घेतो: शिफ नपुंसकलिंगी, फार्ट स्त्रीलिंगी, म्हणून शिफफार्ट स्त्रीलिंगी. कानाला जे इतके नीट कळते ते डोळ्यापासून लपवण्याचे कारण काय?

लपले की घोटाळे होतात आणि ते कुणाच्याही पदरात पडतात. श्टाऊबेकन असा एक शब्द घ्या. श्टाऊ आणि बेकन असा तोडला तर धरणाचा जलाशय. श्टाऊब आणि एकन असा तोडला तर धुळीचे कोपरे. अक्षरे तीच. वाखश्टूबे म्हणजे पहाऱ्याची खोली, पण तीच अक्षरे मेणाची नळी म्हणूनही वाचता येतात. हे योगायोग आहेत, त्यांना इलाज नाही. जुन्या नियमाने मात्र यांच्यात स्वतःची भर घातली. बेट म्हणजे बिछाना, टूख म्हणजे कापड, दोन्ही मिळून पलंगपोस. प्रार्थना करणे या अर्थाच्या बेटन या क्रियापदापासून झालेला बेटटूख म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनेचे वस्त्र. पहिल्या शब्दात टी तीन असायला हवेत, दुसऱ्यात दोन. जुन्या नियमाने पहिल्यातला एक गाळला आणि दोघांचे लेखन एक झाले. नव्या नियमाने ते वेगळे झाले. हा गोंधळ भाषेने केलेला नव्हता, नियमाने केला होता.

तो जुना नियम नेमका काय होता हे सांगितले पाहिजे, कारण सुधारणेच्या वेळी जुने सोपे आणि नवे अवघड असा समज पसरला होता. जून 1901 मध्ये बर्लिनमध्ये परिषद भरली आणि तिच्यानंतर जर्मन लेखन स्थिरावले. त्या व्यवस्थेत असे ठरले की सांध्यावर तीन सारखी व्यंजने आली आणि पुढे स्वर असेल तर एक गाळायचे. पुढे आणखी एक व्यंजन असेल तर तिन्ही ठेवायची. म्हणून शिफफार्टमध्ये दोन एफ, पण प्राणवायूच्या नळकांड्याला जो शब्द आहे त्याच्यात तीन, कारण तिथे एफच्या पुढे एल येतो. बॅले नर्तकासाठीच्या शब्दात दोन टी, बॅले मंडळीसाठीच्या शब्दात तीन. आणि याच्यावर कडी म्हणजे ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली की गाळलेले अक्षर परत यायचे. शिफ वरच्या ओळीत, फार्ट खालच्या ओळीत, तिन्ही एफ हजर.

छापखान्यात याचा अर्थ काय व्हायचा? शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेल्या मजकुरात प्रूफ पाहताना वर एखादा शब्द वाढला की ओळी सरकतात. ओळीच्या शेवटी तुटलेला शिफ-फार्ट सरकून ओळीच्या मध्ये आला की कंपोझिटरने संयोगचिन्ह काढायचे आणि एक एफही काढायचा. उलट झाले तर एफ शोधून आत घालायचा. त्यात दोन एफचा एक जोडखिळा वेगळा असे, आणि चांगल्या छपाईचा संकेत असा की जोडखिळा सांध्यावर बसवायचा नाही, एकाच घटकाच्या आतच बसवायचा. शिफफार्टमधले दोनच एफ शिल्लक राहिले तर ते एका घटकातले की सांध्यावरचे? नियमाला उत्तर नाही. पुढे संगणक आले तरी दुखणे गेले नाही. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जर्मनसाठी एक खास खूण ठेवावी लागली: शब्दात दोन एफच्या आधी अवतरणचिन्ह टाइप करायचे, म्हणजे ओळ तुटली तर तिसरा एफ आपोआप उगवेल. एका शब्दात अक्षरे किती हे ओळीच्या लांबीवर अवलंबून असणारी व्यवस्था सोपी होती, असे म्हणणाऱ्यांनी ती कधी हाताने जुळवलेली नसते.

जुन्या पुस्तकांचे संगणकीकरण करणाऱ्यांना हीच रड आजही आहे. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द यंत्र जोडते तेव्हा संयोगचिन्ह काढते आणि तीन एफ ठेवते. तोच शब्द दोन ओळी खाली सलग छापलेला असतो तिथे दोन. शोध घेणाऱ्याने दोन्ही रूपे टाकली नाहीत तर अर्धे उल्लेख हातून निसटतात.

1 जुलै 1996 रोजी व्हिएन्नात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन आणि जर्मनभाषक अल्पसंख्याक असलेल्या काही देशांनी नव्या नियमांवर सह्या केल्या. सांध्याबद्दलचा नवा नियम एका वाक्यात मावतो: तीन आली तर तिन्ही लिहा, पुढे काहीही असो. वाचायला जड वाटले तर मध्ये संयोगचिन्ह घालायची मोकळीक आहे. फ्लुसशिफफार्टसारख्या शब्दात मी ती मोकळीक घेईन. तीन एस आणि तीन एफ एका दमात वाचकाच्या अंगावर टाकण्यात शौर्य नाही. फ्लुसनंतर एक आडवी रेघ दिली की काम भागते. तीन अपवाद ठेवले गेले. दुपार या अर्थाचा मिटाग, तृतीयांश या अर्थाचा ड्रिटल आणि 'तरीही' या अर्थाचा डेनोख. तिन्ही मूळचे जोडशब्द, पण बोलणाऱ्याला त्यांच्यात सांधा जाणवत नाही. सांधा मेला असेल तर उकरू नका, हा त्यातला शहाणपणा.

मग गदारोळ कशावरून झाला? ऑक्टोबर 1996 मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्यात ग्युंटर ग्रास यांच्यासारख्या लेखकांनी विरोधाचे पत्रक काढले. प्रकरण सर्वोच्च घटनात्मक न्यायालयात गेले. 14 जुलै 1998 रोजी न्यायालयाने निकाल दिला की शाळांसाठी असे नियम सरकार आदेशाने लागू करू शकते, वेगळा कायदा लागत नाही. शाळेबाहेरच्या नागरिकाला मात्र जुने लेखन चालू ठेवायला कुणी अडवू शकत नाही. 1 ऑगस्ट 1998 पासून नियम शाळांत आले. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला श्लेसविग-होल्श्टाइन या उत्तरेकडच्या राज्यात सार्वमत झाले आणि लोकांनी सुधारणा नाकारली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने तो कौल फिरवला. फ्रँकफुर्टर आल्गेमाइने या वजनदार दैनिकाने 1 ऑगस्ट 2000 पासून जुन्या लेखनाकडे परतण्याचा निर्णय घेतला. शेवटी 2004 मध्ये जर्मन लेखनासाठी स्वतंत्र परिषद नेमावी लागली, 2006 मध्ये नियम दुरुस्त झाले आणि 1 जानेवारी 2007 पासून ते दैनिकही नव्या वाटेवर आले.

दहा वर्षांच्या या भांडणाच्या शेवटी जे बदलले त्यात तिसरा एफ नव्हता. बदलले ते प्रामुख्याने शब्द तोडण्याचे नियम, आणि ते बदलायलाच हवे होते. 1996 च्या समितीने एकत्र लिहिल्या जाणाऱ्या कितीतरी क्रियापदांचे दोन तुकडे केले होते. बर्फावर घसरत खेळणे या अर्थाचे आइसलाउफन तोडून 'बर्फ धावणे' असे दोन शब्द केले. वाईट वाटणे या अर्थाच्या लाइड टूनमधला लाइड आधीही सुटाच, पण लहान अक्षराने लिहिला जाई; त्याला नामाचे मोठे अक्षर दिले आणि त्यामुळे 'मला कितीही वाईट वाटले तरी' अशा वाक्यात व्याकरण मोडू लागले, कारण तिथे लाइड नामासारखा वागतच नाही. वोलबेकांट म्हणजे सुप्रसिद्ध. तो तोडला तर 'बहुधा माहीत असलेला' असाही अर्थ निघतो. लेखकांचा संताप इथे रास्त होता. 2006 मध्ये आइसलाउफन पुन्हा जोडले गेले, लाइडटूनही जोडून लिहायचे ठरले, आणखी काही ठिकाणी दोन्ही रूपे चालतील असे ठरले.

दुसरी चूक व्युत्पत्तीच्या नावाखाली झाली आणि मला ती जास्त खटकते. समितीने ठरवले की शब्द ज्या मुळापासून आला ते लेखनात दिसावे. तत्त्व चांगले. अंक या अर्थाच्या नुमर या शब्दात दोन एम आहेत, तर क्रमांक देणे या क्रियापदातही दोन हवेत, ते दिले. पण वेंधळ्या माणसाला जो टोलपाच म्हणतात त्यात एक एल वाढवून तो वेडा या अर्थाच्या टोल या शब्दाशी जोडला. टोलपाच मुळात हंगेरियन शब्द, पायदळातल्या शिपायासाठीचा. वेडेपणाशी त्याचे काही नाते नाही. चिमूटभर या अर्थाचा क्वेंटशेन हा शब्द लॅटिनमधल्या पाचव्या भागावरून आला, त्याचे लेखन बदलून तो क्वांटमच्या घरात नेऊन बसवला. जिवंत सांधा दाखवणे वेगळे आणि नसलेला सांधा सरकारी आदेशाने बसवणे वेगळे. शिफफार्टमध्ये शिफही आज जिवंत आहे आणि फार्टही; कुठल्याही जर्मन पोराला विचारा, ते दोन्ही दाखवील.

शब्द तोडण्याची खोड मात्र नियमांतून काढली तरी गेली नाही. दुकानांच्या पाट्यांवर, भाजीच्या पाकिटांवर, जाहिरातींत जोडशब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली दिसते. इंग्रजीची नक्कल हे कारण बहुतेकदा सांगितले जाते. जर्मन लोक तिला वैतागून 'मूर्खांची मोकळी जागा' म्हणतात.

आपल्याकडे हा रोग नवा नाही. 'घरा साठी', 'मुलां कडून', 'महानगर पालिका', 'वाहन तळ' असे लेखन पाट्यांवर आणि मोबाइलवर रोज दिसते. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहायचे हा नियम शाळेत शिकवला जातो आणि हिंदीच्या सवयीने विसरला जातो. पण जोडशब्द तोडणाऱ्यांना दोष देताना आपण एक गोष्ट पाहत नाही: आपला नियमच त्यांना जोडताना अडखळायला लावतो.

मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम शासनाने 1962 मध्ये मान्य केले, 1972 मध्ये त्यात 4 ची भर पडली. त्या नियमांनी संस्कृतातून आलेले ऱ्हस्व इकारान्त शब्द मराठीत दीर्घ केले. कवि चे कवी झाले, बुद्धि चे बुद्धी. फार चांगले केले. मात्र हेच शब्द समासात आधी आले तर ऱ्हस्व ठेवायचे: कविराज, बुद्धिवैभव. ज्यांचे संस्कृत मूळ न् ने संपते त्यांचेही तसेच: मंत्री, पण मंत्रिमंडळ, विद्यार्थी, पण विद्यार्थिगृह, प्राणी, पण प्राणिसंग्रहालय. मूळचे दीर्घ असलेले शब्द मात्र दीर्घच: स्त्रीशिक्षण, लक्ष्मीपूजन, नदीकाठ.

प्राणिशास्त्र आणि स्त्रीशिक्षण हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. प्राणी आणि स्त्री सुटे लिहिले तर दोघांचा शेवट दीर्घ. उच्चारात मराठी माणूस त्यांच्या शेवटच्या स्वरांत फरक करत नाही. समासात गेले की एक आखडतो, दुसरा आखडत नाही. का, ते कळायला प्राणिन् आणि स्त्री ही संस्कृतातली प्रातिपदिके माहीत हवीत. म्हणजे मराठी शब्द मराठीत लिहिण्यासाठी लिहिणाऱ्याने दुसऱ्या भाषेच्या व्याकरणात डोके घालून यायचे. जर्मनांच्या जुन्या नियमात निदान पुढचे अक्षर पाहून निकाल लागत होता. आपल्या नियमात पानावर दिसणाऱ्या कशावरूनही निकाल लागत नाही. मग लिहिणारा दोनांपैकी एक वाट धरतो. 'मंत्रीमंडळ' लिहितो आणि मुद्रितशोधकाच्या लाल शाईला बळी पडतो, नाहीतर भानगड नको म्हणून 'कृषी मंत्री' असे तोडून मोकळा होतो. दुसरी वाट जास्त वाईट, कारण तिच्यात शब्दच मोडतो.

याच्यावर नेहमीचे उत्तर असे की हे तत्सम समास आहेत, ते संस्कृतातून तयारच आले, आपण त्यांना हात लावणारे कोण? मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, विद्यार्थिगृह, कृषिमंत्री हे शब्द कुठल्या यज्ञात म्हटले जात होते? ते इथे, अलीकडच्या दीडदोनशे वर्षांत, राज्यकारभारासाठी आणि शाळा-संस्थांसाठी जोडलेले आहेत. घटक संस्कृतचे असतील, जुळणी आपली आहे. आणि आपली जुळणी असेल तर घटकही आपण सुटे लिहितो तसेच दिसावेत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दीडशे वर्षांचे छापील वाङ्मय ऱ्हस्व लेखनात आहे, नवी पिढी ते चुकीचे समजेल. हा आक्षेप खरा आहे, पण तो कवि चे कवी करतानाही होता आणि त्याला आपण पचवले.

म्हणून सक्तीने बदल करावा असे मी म्हणत नाही. जर्मनांनी एकदम सक्ती करून दहा वर्षे डोके आपटले, तो अनुभव फुकट मिळाला आहे. विकल्प द्यावा. समासाचे पहिले पद आज मराठीत सुटे वापरले जात असेल आणि त्याचे सुटे रूप दीर्घान्त असेल, तर समासात दीर्घ आणि ऱ्हस्व दोन्ही ग्राह्य धरावेत: मंत्रीमंडळ-मंत्रिमंडळ, प्राणीशास्त्र-प्राणिशास्त्र, विद्यार्थीगृह-विद्यार्थिगृह. एका मजकुरात एकच रूप पाळावे, एवढी अट पुरे. जिथे सांधा विरघळला आहे, ते शब्द जर्मनांच्या मिटागसारखे बाजूला ठेवावेत: रविवारात कुणाला रवी दिसत नाही, हरिपाठ म्हणताना कुणी तो तोडून ऐकत नाही. अशी यादी मोठी होणार नाही. मान, मंत, त्व यांसारखे प्रत्यय लागलेले शब्द या विकल्पात येत नाहीत, कारण तिथे दुसरे पदच नाही. बुद्धिमान आणि शक्तिमान जसे आहेत तसे राहतील. संस्थांच्या नोंदलेल्या नावांना हात लावू नये, पाट्या आणि शिक्के बदलण्याचा खर्च कुणी मागितलेला नाही. आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत दीर्घ लिहिणाऱ्याचा गुण कापू नये, हे मात्र पहिल्या दिवसापासून, लेखी, परीक्षकांच्या सूचनांमध्ये यावे. तोडून लिहिणाऱ्याचा गुण कापायला माझी हरकत नाही.